पगार विचारणारी मुलगी लोभी असते का?

पत्र:

ताई, मी २७ वर्षांची आहे, साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी करते. घरात लग्नाचं बघताहेत. पुण्याचं एक स्थळ आलंय. मुलगा कंपनीत आहे, स्वतःचा फ्लॅट आहे. दोनदा भेटलो. वाईट काही वाटलं नाही, पण विशेषही काही वाटलं नाही. दुसरीकडे माझा एक मित्र आहे, तीन वर्षांची ओळख. प्राध्यापकीची ‘सेट’ परीक्षा पास झालाय, पण कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, त्यामुळे वर्षातले काही महिने हातात पैसाच येत नाही. त्यानेच मला ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ वाचायला दिली. म्हणाला, बघ, त्यातली नायिका एलिझाबेथ पैशाला कशी लाथ मारते. मला एलिझाबेथ आवडली, पण कळली ती तिची मैत्रीण शार्लट लुकस. तसं बोलले तर म्हणाला, शार्लट स्वतःला विकते. मग मी धीर करून विचारलं, आपण लग्न केलं तर घर कसं चालवायचं? तुझ्यावर कर्ज किती आहे? तो चिडला. ‘शेवटी तूही हिशोबच मांडणार का?’ म्हणाला. ताई, मी लोभी आहे का? पुण्याच्या लोकांना रविवारी उत्तर द्यायचंय.
– शार्लटची मैत्रीण

प्रिय मैत्रिणी,

नाही. तू लोभी नाहीस. हे पहिल्या ओळीत लिहिते, कारण तुझं पत्र वाचताना जाणवलं की तू निम्मी रडून झाल्यावर ते लिहायला बसली आहेस.

तुझ्या मित्राने तुला पुस्तक चांगलं दिलं, पण त्यातली निम्मीच गोष्ट सांगितली. एलिझाबेथ दोन माणसांना नकार देते हे खरं. दुसरा नकार तर वर्षाला दहा हजार पौंड उत्पन्न असलेल्या डार्सीला. पण जेन ऑस्टिनची ही १८१३ सालची कादंबरी नुसती पैशाकरता पुन्हा एकदा चाळून बघ. जवळजवळ प्रत्येक माणूस पानावर येतो तो आपला आकडा घेऊनच. डार्सीचा मित्र बिंग्ली, त्याचे वर्षाला चार-पाच हजार. त्याच्या वडिलांनी लाखभर पौंड मागे ठेवले, त्याचं चार-पाच टक्क्यांनी व्याज काढ, बरोबर तेवढंच येतं. तू पतसंस्थेत आहेस, तुला हे तोंडी जमेल. जेन ऑस्टिनच्या वाचकांनाही जमत होतं. सरकारी रोख्यांवर चार-पाच टक्के मिळतात हे त्या वर्गातल्या घराघरांत माहीत होतं, म्हणून ती नुसती रक्कम सांगते आणि उरलेलं वाचकावर सोडते.

मग एलिझाबेथचा आकडा किती? तो आपल्याला कळतो तिच्या वडिलांच्या नात्यातल्या कॉलिन्सच्या तोंडून, आणि तोही लग्नाची मागणी घालता घालता. चार टक्क्यांच्या रोख्यांतले एक हजार पौंड, आणि तेही आई गेल्यावर. म्हणजे वर्षाचे ४० पौंड. घर आणि जमीन वडिलांनंतर याच कॉलिन्सकडे जाणार, कारण ती मुलग्यांच्या वंशाला बांधलेली आणि तिच्या आईवडिलांना पाचही मुलीच. लग्नाची मागणी घालताना हा माणूस तिला तिची रक्कम ऐकवतो, याचा मला दर वाचनात राग येतो. पण रक्कम खोटी नाही. एलिझाबेथ ‘नाही’ म्हणते तेव्हा ती हे ४० पौंड जाणून म्हणते, आणि तिच्या नाहीचं वजन त्यामुळेच आहे. पैसा माहीत नसताना दिलेला नकार मला तेवढा मोठा वाटला नसता.

आता शार्लट. वय २७, तुझ्याइतकंच. दिसायला साधी. वडील पूर्वी व्यापारात होते, आता ‘सर’ झालेत, पण मुलीला द्यायला फारसं काही नाही. ती कॉलिन्सला होकार देते तेव्हा घरात काय होतं ते एका परिच्छेदात आलंय. धाकट्या बहिणींना आशा वाटते की आता आपल्यालाही वर्ष-दोन वर्षं आधी चारचौघांत मिरवता येईल, आणि भावांच्या डोक्यावरची काळजी उतरते की ही म्हातारी होईपर्यंत घरात राहणार नाही. ‘थोरलीचं अडलं की धाकट्यांचं अडतं’ हे आपण आपल्या घरांत ऐकत आलोय, म्हणून तुला ती कळली. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? शार्लट स्वतः म्हणते की मी स्वप्नाळू नाही, कधीच नव्हते, मला फक्त एक सुखाचं घर हवंय.

‘विकते’ हा शब्द सोपा आहे. तो वापरणाऱ्याला मी एक जागा दाखवीन. विकहॅम नावाचा एक तरुण लष्करी अधिकारी आधी एलिझाबेथभोवती घुटमळतो आणि नंतर दहा हजार पौंड वारशात मिळालेल्या मिस किंगकडे वळतो, तेव्हा एलिझाबेथ त्याला माफ करते. त्याला बिचाऱ्याला आधार नको का, असं तिला वाटतं. शार्लटला मात्र तिने माफ केलेलं नसतं. लेखिका तिथे हळूच म्हणते की शार्लटच्या बाबतीत तिला जेवढं स्वच्छ दिसलं तेवढं याच्या बाबतीत दिसलं नाही. पुरुषाने पैसा बघून लग्न ठरवलं तर ती सोय आणि बाईने ठरवलं तर ती विक्री, हा भेद एलिझाबेथच्या मनातही होता आणि दोनशे वर्षांपूर्वी एका बाईने तो टिपून ठेवला. पुढे एलिझाबेथच मामीला विचारते की लग्नाच्या व्यवहारात शहाणपण कुठे संपतं आणि लोभ कुठे सुरू होतो? मामीला पक्कं उत्तर देता येत नाही.

मग शार्लट हिशोब करते ते कुठल्या जगात, तेही बघ. त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्न झालं की बाईचा रोख पैसा नवऱ्याचा होई. तिने कमावलं तर तेही त्याचं. श्रीमंत घरं वकील बसवून, विश्वस्त नेमून मुलीच्या नावची रक्कम वेगळी बांधून घेत. ज्यांच्याकडे बांधायलाच काही नसे त्यांनी काय करायचं? आपल्याकडे निदान स्त्रीधन ही कल्पना तरी होती. तिथे १८७० साली कायद्याने बायकोची कमाई तिची झाली आणि १८८२ साली तिची मालमत्ता तिची झाली. (१८७० नंतर चारच वर्षांनी हिंदुस्थानातही ‘मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी अ‍ॅक्ट’ आला. आज विम्याचा एजंट ‘एमडब्ल्यूपीखाली पॉलिसी काढा, म्हणजे पैसे बायको-मुलांचेच राहतील’ असं सांगतो, तो हाच १८७४ चा कायदा.) म्हणून त्या कादंबऱ्यांतल्या मुली पैशाबद्दल एवढं बोलतात. त्यांना नोकरी नाही, शेत नाही, आणि चुकीच्या माणसाशी लग्न झालं तर परतीची वाटही नाही.

पण शार्लटने किंमत दिली, हेही मला तुझ्यापासून लपवायचं नाही. लग्नानंतर एलिझाबेथ तिच्याकडे राहायला जाते. घर नीटनेटकं, कोंबड्या, बाग, सगळं जागच्या जागी. एलिझाबेथला एकच कोडं पडतं: समोरची जेवणाची खोली मोठी आहे, तिथून दिसतंही छान, मग शार्लट रोज मागच्या खोलीत का बसते? थोड्या दिवसांनी तिच्या लक्षात येतं. नवऱ्याची खोली रस्त्याच्या बाजूला आहे. शार्लट समोरच्या छान खोलीत बसली असती तर तोही सारखा तिथेच येऊन बसला असता. त्याने बागेत खपावं म्हणून ती त्याला उत्तेजन देते तेही त्याचसाठी. हे सगळं तिने न कुरकुरता, विचार करून मांडलंय. कोणावर ओरडणं नाही, रडणं नाही. मी ही खोली पहिल्यांदा वाचली तेव्हा तुझ्याएवढी होते आणि मला काहीच वाटलं नव्हतं. आता ते पान आलं की मी थांबते. रोज सकाळी उठून आपण कुठे बसलो म्हणजे हा माणूस येणार नाही, हे जिला ठरवावं लागतं, तिला घर मिळालं, पण त्या घरातली चांगली खोली मिळाली नाही.

आणि तुझ्या मित्राच्या ध्यानात न आलेली एक गोष्ट. डार्सीने पहिली मागणी घातली ती याच घरात. दहा हजार पौंडांना नाही म्हणताना एलिझाबेथ शार्लटच्या छपराखाली उभी होती.

आता तुझ्याकडे वळते. तू शार्लटला ओळखलंस, पण तू शार्लट नाहीस. तुझा पगार आहे, तो तुझ्या खात्यात जमा होतो, आणि लग्न झाल्यावरही तो तुझाच. त्या कादंबऱ्यांत तुझी खरी बहीण जेन एअर आहे. १८४७ साली शार्लट ब्राँटीने तिला लिहिलं (नाव योगायोगाने तेच, गोंधळू नकोस). जेन वर्षाला ३० पौंडांवर रॉचेस्टर नावाच्या श्रीमंत माणसाच्या घरात अदेल नावाच्या मुलीला शिकवते. त्याच्याशीच तिचं लग्न ठरतं तेव्हा तो तिला रेशमाच्या दुकानात नेतो आणि भारी, झगझगीत कापडं निवडतो. ती ओशाळते. शेवटी साधं काळं आणि राखाडी कापड घ्यायला लावते आणि सांगते की लग्नानंतरही मी अदेलला शिकवीन, त्याबद्दल राहणं-जेवण आणि ३० पौंड घेईन आणि माझे कपडे माझ्या पैशांतून करीन. तिचं त्याच्यावर जीव ओवाळून टाकावा असं प्रेम आहे, आणि तरी ती ३० पौंड सोडत नाही. पुढे काकांचे २०,००० पौंड तिला मिळतात, ती त्यातले १५,००० तीन भावंडांना वाटते, पाच हजार स्वतःला ठेवते आणि मग आपल्या पायांवर चालत त्याच्याकडे परत जाते. हिशोब करणारी मुलगी प्रेम करत नाही असं जो म्हणतो त्याने जेन एअर वाचावी.

त्यामुळे ‘छप्पर हवं म्हणून पुण्याला हो’ हे कारण तुला लागू नाही. छप्पर तू भाड्याने का होईना, स्वतः घेऊ शकतेस. ते स्थळ घ्यायचं असेल तर माणसासाठी घे, आणि माणूस तुला दोन भेटींत अजून दिसलेलाच नाही.

मित्राबद्दल लिहिताना मला जपून लिहावं लागतंय, कारण तुझा जीव तिकडे आहे हे ओळींमधून दिसतं. त्याची मिळकत कमी आहे याची मला चिंता नाही. तासिका तत्त्वावर कितीतरी हुशार मुलं वर्षानुवर्षं राबताहेत, तो त्यांचा दोष नाही. मला चिंता आहे ती तो चिडला याची.

‘मिडलमार्च’ नावाची एक जाडजूड कादंबरी आहे, जॉर्ज इलियटची, १८७१-७२ मधली. त्यात लिडगेट नावाचा तरुण डॉक्टर आहे. हुशार, मनाने मोठा, संशोधनाची स्वप्नं बघणारा. रोझमंडवर त्याचा जीव जडतो. लग्नाआधी दोघंही पैशाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. किंमत विचारत बसणं त्याला हलकं वाटतं, म्हणून चांगलं घर, चांगली भांडी, सगळं उधारीवर येतं. आणि मग एक संध्याकाळ येते. त्याला तिला सांगावं लागतं की देणं झालंय, फर्निचर तारण द्यावं लागणार आहे, उद्या माणूस येऊन घरातल्या वस्तूंची यादी करील. ती विचारते, ‘मी काय करू शकते, टर्शियस?’ लेखिका म्हणते की हे एवढेसे शब्द आवाजाच्या चढउताराने काहीही सांगू शकतात, अगदी जवळ घेऊ शकतात किंवा हात झटकू शकतात. रोझमंडने हात झटकले. थोड्या वेळाने ती जांभळ्या खड्यांच्या दागिन्यांची पेटी आणून खुर्चीवर ठेवते आणि शांतपणे म्हणते, हे तुम्ही दिलेले सगळे दागिने, यातलं हवं ते परत करा. उद्या मी घरी थांबीन अशी अपेक्षा करू नका, मी बाबांकडे जाते.

त्या दोघांत वाईट कुणी नाही. रोझमंडला आपण उथळ म्हणतो, पण तिला कुणी कधी आकडा सांगितला होता? पुढे ती त्याला न विचारता त्याच्या श्रीमंत काकांना पत्र लिहिते, घर भाड्याने द्यायचं ठरलेलं परस्पर मोडते. तो तिच्यापासून लपवत होता, आता ती त्याच्यापासून लपवते. डॉक्टर पन्नाशीत मरतो, संशोधन राहून जातं.

माझंही सांगते. माझ्या लग्नाच्या वेळी पगार विचारायचा असतो हेच मला कुणी शिकवलं नव्हतं. चौथ्या महिन्यात कळलं की घरातल्या एका लग्नाचं कर्ज ह्यांच्या डोक्यावर आहे आणि पगारातला तिसरा हिस्सा त्यात जातो. कर्जाचं मला काहीच वाटलं नाही, मी लगेच माझ्या पगारातून हातभार लावला. मला न सांगितल्याचं मात्र फार लागलं. नंतर ह्यांनी सांगितलं की तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू विचारलंस. मी जे केलं नाही ते तू केलंस.

याच्या उलट ऑस्टिनच्याच ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’तले एलिनोर आणि एडवर्ड. एडवर्डचे दोन हजार पौंड, तिचे एक हजार, तीन हजारांवर पाच टक्के म्हणजे १५०. त्यात धर्मोपदेशकाच्या जागेचे साधारण २०० मिळव. वर्षाला ३५०. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, आणि दोघं मिळून ठरवतात की एवढ्यात भागणार नाही. मग एडवर्ड मान खाली घालून रुसलेल्या आईकडे जातो, समेट करतो. त्यांनी आकडा एकत्र बसून मांडला. मला त्या पुस्तकातलं सगळ्यांत प्रेमळ दृश्य हेच वाटतं.

त्याच पुस्तकात एलिनोरची धाकटी बहीण मेरिअन म्हणते की संपत्तीचा सुखाशी काय संबंध, पोटापुरतं असलं की झालं. एलिनोर विचारते, तुझं पोटापुरतं म्हणजे किती? ती म्हणते, वर्षाला १,८०० ते २,०००, त्याहून जास्त नको. एलिनोर म्हणते, दोन हजार! मी तर एक हजारालाच श्रीमंती समजते. ‘पैशाचं काय एवढं’ म्हणणाऱ्या माणसाला त्याचा आकडा विचारायलाच हवा. तो वाईट असतो म्हणून नव्हे. बहुतेक वेळा त्याने तो स्वतःलाच सांगितलेला नसतो.

म्हणून या आठवड्यात एवढं कर. मित्राला भेट. आधी तुझा आकडा त्याच्यासमोर ठेव: पगार, आरडी, घरी देतेस ते, कुणाला जामीन राहिली असशील तर तेही. मग त्याचा विचार. तासिकांचे पैसे कुठल्या महिन्यांत येतात, मधले महिने काय करतो, शिक्षणाचं कर्ज किती उरलंय, कायम जागा मिळाली नाही तर काय करायचं ठरवलंय. तो त्या दिवशी लाजेपोटी चिडला असेल, तर आता बोलेल. पुरुषालाही रिकामा खिसा उघडून दाखवणं जड जातं, तेवढी संधी त्याला दे. पुन्हा चिडला, पुन्हा तुलाच हिशोबी ठरवलं, तर तो तुझ्याशी संसार कसा करील याचं उत्तर तुला आजच मिळालं.

पुण्याच्या मुलालाही हेच विचार. फ्लॅटचा हप्ता किती, फ्लॅट कुणाच्या नावावर, आईवडिलांची औषधं कोण बघतं. आणि एक जास्तीचा प्रश्न: गेल्या वर्षात सगळ्यांत मोठा खर्च कशावर केलास? एलिझाबेथचं डार्सीबद्दलचं मत त्याचं उत्पन्न ऐकून बदललं नव्हतं. त्याच्या घरी जुनी हाउसकीपर म्हणाली की हा चार वर्षांचा असल्यापासून मला कधी लागेल असं बोलला नाही, तेव्हा ते बरंच बदललं. आणि एलिझाबेथच्या धाकट्या बहिणीचं, लिडियाचं, विकहॅमशी लग्न व्हावं म्हणून डार्सीने विकहॅमचं हजाराहून जास्त कर्ज फेडलं, तिच्या नावावर आणखी हजार बांधून दिले, वर कुणाला कळू दिलं नाही, हे समजलं तेव्हा ते पुरतं बदललं. पैसा कशावर जातो त्यात माणूस दिसतो.

रविवारबद्दल. जेन ऑस्टिनची फॅनी नावाची भाची होती. तिने १८१४ साली, म्हणजे तुझ्यासारखीच कोंडीत असताना, आत्याला पत्र लिहून विचारलं. आत्याने आधी त्या मुलाची बाजू मांडली आणि पुढे लिहिलं की प्रेमाशिवाय लग्न करण्यापेक्षा दुसरं काहीही पत्करावं. त्याच आत्याने १८१७ साली त्याच भाचीला लिहिलं की एकट्या बायका गरीब राहतात ही भयंकर गोष्ट आहे आणि लग्नाच्या बाजूचं ते भक्कम कारण आहे. दोन्ही वाक्यं तिने मनापासून लिहिली. ती स्वतः लग्नाशिवाय राहिली, वडील गेल्यावर आई आणि बहिणीबरोबर भावांच्या आधाराने दिवस काढले, ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क ११० पौंडांना विकले आणि मैत्रिणीला लिहिलं की १५० मिळाले असते तर बरं झालं असतं.

तिलाही एकदा स्थळ आलं होतं. डिसेंबर १८०२, वय २७ ला दोन आठवडे कमी. मैत्रिणींचा धाकटा भाऊ, मोठ्या इस्टेटीचा वारस. संध्याकाळी तिने हो म्हटलं. ते घर तिच्या बहिणीला आणि आईला पुरलं असतं. रात्र गेली आणि सकाळी तिने शब्द परत घेतला. बहिणीला घेऊन गाडीने निघाली, थोरल्या भावाकडे गेली आणि आम्हाला लगेच बाथला पोचव म्हणाली.

तिला एका रात्रीत ठरवावं लागलं, ओशाळून घर सोडावं लागलं. तुला तशी घाई नाही. शनिवारीच आईला सांग की रविवारी उत्तर देणार नाही, मला त्या मुलाशी आणखी एकदा बोलायचंय, महिनाभर द्या. ते थांबायला तयार नसतील तर त्यांना दुसरीकडे बघू दे. आणि मित्राशी बोलणं झालं की, जे काय ठरेल ते, मला कळव.

तुझी,
ताई